चाकावरची चार बोटं

टायरचा वरचा काठ आणि मडगार्डची कमान यांच्यामध्ये माझ्या गाडीत चार बोटं मावतात. पुढे चार, मागे तीन. गाडी लावून काही पावलं गेलो की मान आपोआप मागे वळते आणि नजर आधी त्या काळ्या फटीवरच जाते. लांब बॉनेट, मागे उतरत गेलेलं छत, भरदार मागची बाजू, सगळं कसं रेखीव. आणि चाकांवर मात्र एवढी ऐसपैस जागा, की वाढत्या अंगाच्या मुलाला दोन वर्षं पुढचा सदरा शिवलाय असं वाटावं. स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला हा आजार कधी ना कधी होतोच. औषधही सगळ्यांना पाठ असतं: लोअरिंग स्प्रिंगा.

औषध दिसायला साधं आहे. कंपनीच्या चार स्प्रिंगा काढायच्या, त्यांच्या जागी आखूड आणि जरा कडक अशा चार बसवायच्या. शॉकअप तेच, टॉप माउंट तेच, बाकी सगळं तेच. गाडी वीस-तीस मिलिमीटर खाली बसते, फट मिटते, फोटो चांगले येतात. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या कॉइलओव्हरच्या मानाने खर्चही थोडका. म्हणून मी यादी करायला बसलो. जाहिराती वाचताना पहिल्यांदा खटकलं ते हे, की 'किती खाली' ते मोठ्या अक्षरात असतं आणि 'किती कडक' ते बारीक अक्षरात, किंवा मुळीच नसतं. चाकाला वर जायला किती जागा उरेल, हे तर मी पाहिलेल्यांपैकी एकानेही लिहिलं नव्हतं. ज्या आकड्यावरून निवड करायची, नेमका तोच गायब.

आधी हेतू स्वच्छ करून घेतो. मला गाडी खाली हवी आहे ती मुख्यतः दिसायला. 'हँडलिंग सुधारतं ना, म्हणून' हे उत्तर चारचौघांत बरं वाटतं, पण हिशेबाला बसलं की ते फार वेळ टिकत नाही. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार सरकतो, हे चार गोष्टींवर ठरतं: गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. या यादीत स्प्रिंग नाहीच. स्प्रिंग कडक केली म्हणून एकूण सरकणारा भार कमी होत नाही. गाडी कमी कलते, आणि त्या भारातला पुढच्या चाकांचा वाटा किती, मागच्यांचा किती, ते बदलतं. उरली गुरुत्वमध्याची उंची. टोयोटा 86 ही गाडी 2012 साली आली तेव्हा जेमतेम 460 मिलिमीटर उंचीचा गुरुत्वमध्य ही तिची मिरवायची गोष्ट होती. तशी गाडी 25 मिमी खाली आणली तर फरक पडतो पाच टक्क्यांच्या आसपास. तोही पूर्ण पदरात पडत नाही, कारण चाकं, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), ब्रेक आहेत तिथेच राहतात, फक्त वरची गाडी खाली येते. शर्यतीत पाच टक्क्यांसाठी लोक जीव टाकतात, ते मला मान्य आहे. पण रोजच्या रस्त्यावर चांगल्या टायरने याहून कितीतरी जास्त मिळतं, आणि बदल्यात सस्पेन्शनमधलं काही गमवावं लागत नाही.

दिसण्यासाठी खाली आणतोय असं एकदा म्हटलं की एक फायदा होतो. दिसण्यासाठी किती मोजायचं, हे माणूस ठरवू शकतो. 'हँडलिंगसाठी' म्हटलं की काय मोजतोय तेच दिसेनासं होतं.

मोजावी लागते ती जागा. चाक उंचवट्यावर किंवा खड्ड्याच्या कडेवर आदळलं की त्याला वर सरकायला वाव लागतो. शॉकअपच्या दांड्यावर फोमचा एक ठोकळा असतो, बम्प स्टॉप. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपचं नळकांडं आणि तो ठोकळा यांच्यात जेवढं अंतर, तेवढा तुमचा मोकळा ट्रॅव्हल. समजा तो 60 मिमी आहे. धक्क्याची किती ऊर्जा स्प्रिंग गिळेल, ते तिच्या कडकपणाच्या पटीत वाढतं, पण ती किती दबते त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतं. शाळेतलंच सूत्र आहे, अर्धा के एक्स वर्ग. गाडी 25 मिमी खाली आणली की 60 चे उरले 35. त्या 35 मध्ये पूर्वीइतकाच धक्का पचवायचा तर स्प्रिंग किती कडक हवी? साठ भागिले पस्तीस, त्याचा वर्ग. जवळजवळ तिप्पट! बाजारातल्या बऱ्याच लोअरिंग स्प्रिंगा मूळच्यापेक्षा वीस-तीस टक्के कडक असतात. हेच गणित उलटं मांडलं तर तीस टक्के जादा कडकपणाने भरपाई होते ती फक्त सातेक मिलिमीटरची. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर बम्प स्टॉपकडून उसना घेतलेला असतो. शॉकअपही यातली काही ऊर्जा खातो, टायरही थोडी खातो, त्यामुळे आकडे तंतोतंत असे येणार नाहीत. पण कल हाच राहतो.

हे गणित कागदावर मांडलं आणि 40 मिमीवाल्या सगळ्या स्प्रिंगा यादीतून एका फटक्यात गेल्या.

कागदावर भरवसा नसेल तर प्लास्टिकची एक केबल टाय पुरते. शॉकअपवरचं धुळीचं रबरी आवरण वर सरकवायचं, चकचकीत दांड्यावर नळकांड्याच्या तोंडाला टेकेल अशी टाय बांधायची, आपोआप घसरणार नाही इतपतच घट्ट. शॉकअप दबला की नळकांडं टायला वर ढकलतं, सुटला की टाय तिथेच राहते. मग नेहमीच्या रस्त्यावरून नेहमीसारखी गाडी चालवून यायचं आणि वाकून बघायचं. माझ्या गाडीत कंपनीच्याच स्प्रिंगा असताना पुढची टाय थेट बम्प स्टॉपला जाऊन टेकली होती. मागची एकट्याने गेलो तेव्हा बोटभर खाली राहिली, सामान भरून गेलो तेव्हा तीही टेकली. ज्या फटीला मी रिकामी म्हणत होतो ती गाडी रोज पुरेपूर वापरत होती. ती मला दिसायची फक्त गाडी उभी असताना, एवढंच.

बम्प स्टॉपला उगाच खलनायक करायला नको. आताचे बम्प स्टॉप बारीक छिद्रांच्या पॉलियुरेथेनचे असतात, आधी मऊ आणि मग कडक होत जातात, आणि गाडी घडवणारे अभियंते त्यांना दुसरी स्प्रिंग समजूनच वापरतात. प्रश्न आहे तो गाडी त्यांच्यावर कधी जाऊन बसते याचा. भर वळणात, मधेच एखादा उंचवटा आला आणि पुढचं बाहेरचं चाक स्टॉपवर बसलं, तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कितीतरी वाढतो, पुढचे टायर पकड सोडतात आणि गाडी सरळ जायला बघते. मागचं बसलं तर शेपूट बाहेर. चालवणाऱ्याने स्टिअरिंगला काही केलेलं नसतं. 'लो केल्यावर गाडी अगदी गो-कार्टसारखी झाली' असं कुणी कौतुकाने सांगतं तेव्हा मला शंका येते की ती कायमची बम्प स्टॉपवरच बसलेली असावी. गो-कार्टला सस्पेन्शनच नसतं, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आणि कडक आणि खाली म्हणजेच चपळ, हेही काही खरं नाही. 1962 ची लोटस एलान बघा. सातशे किलोच्या आतली गाडी, स्प्रिंगा मऊ, ट्रॅव्हल भरपूर, शॉकअपला लगाम नेमका. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याच्या या गाडीच्या वळणांचे दाखले लोक अजून देतात, आणि ती वळणावर चांगली कलत असे. उलट टोकाची गोष्टही मजेची आहे. 1981 साली फॉर्म्युला वनमध्ये गाडीखाली 6 सेंटिमीटर मोकळी जागा हवी असा नियम आला. ती मोजायची गाडी उभी असताना. डिझायनर गॉर्डन मरेच्या ब्राबम बीटी 49 सी या शर्यतीच्या गाडीत हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे तेल आणि हवेच्या दाबावर चालणारं, सस्पेन्शन होतं: वेगात हवेच्या दाबाने गाडी खाली बसायची, तशीच राहायची, आणि परतताना वेग उतरला की हळूहळू वर येऊन मोजणीला हजर. पण त्यांना खाली जायला सबळ कारण होतं, गाडीखालून जाणारी आणि गाडीला रस्त्याकडे खेचणारी हवा. माझ्या गाडीच्या पोटाखाली असं काही घडत नाही.

मग कडकपणा किती? इथे नुसता स्प्रिंगचा आकडा बघून चालत नाही. स्प्रिंग आर्मवर, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर, आतल्या बाजूला बसली असेल आणि चाक 10 मिमी हलल्यावर ती 7 मिमीच दबत असेल, तर चाकापर्यंत तिच्या कडकपणाचा निम्माच भाग पोचतो, कारण तिथेही वर्ग येतो. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात) असलेल्या गाडीत हे प्रमाण एकाच्या जवळ असतं. म्हणून एका गाडीचा आकडा दुसरीला लावता येत नाही, आणि एकाच गाडीतले पुढचे-मागचे आकडेही समोरासमोर ठेवता येत नाहीत. तुलना करायची तर हर्ट्झमध्ये करावी. एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेलं वजन 300 किलो आणि चाकाशी कडकपणा 27 न्यूटन प्रति मिमी, तर तो कोपरा सेकंदाला दीड वेळा डुलेल. म्हणजे 1.5 हर्ट्झ. घरगुती गाड्या याच्या खाली असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार साधारण दीड ते दोनच्या दरम्यान, हवेने खाली दाबणारे पंख लावलेल्या शर्यतीच्या गाड्या त्याच्या बऱ्याच वर. तीच स्प्रिंग 35 न्यूटनची केली तर 1.7. कानाला फरक छोटा वाटतो, पाठीला वाटत नाही.

पुढच्या आणि मागच्या हर्ट्झमधलं नातं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि लोअरिंग स्प्रिंगांत तेच बहुधा सगळ्यात आधी बिघडतं. मॉरिस ओली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकला गेला. 1930 च्या दशकात त्याने वजनं पुढे-मागे सरकवता येतील अशी खास गाडी करून माणसाला कुठली राइड सुखाची वाटते ते शोधलं. उंचवटा पुढच्या चाकाला आधी लागतो, मागच्याला क्षणभराने. मागची बाजू पुढच्यापेक्षा जराशी जलद डुलत असेल तर उशिरा निघूनही ती पुढचीला गाठते, आणि गाडी पुढे-मागे झुलत न राहता सपाट वर-खाली होऊन थांबते. कारखान्यातून निघालेल्या गाडीत हा मेळ बऱ्याचदा मुद्दाम घातलेला असतो. समजा पुढे 1.5, मागे 1.65. आता एका किटने पुढे चाळीस टक्के कडक केलं आणि मागे दहाच टक्के, तर पुढे 1.77 आणि मागे 1.73. मेळ उलटला. लांब लाटांच्या रस्त्यावर गाडी नाक खुपसत आणि उचलत जाते, आणि मालक म्हणतो, 'स्पोर्टी झाली आहे जरा.'

भूमितीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती गाडीगणिक बदलते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित उतरता असतो. गाडी खाली आणली की बाहेरचं टोक वर जातं. त्यानंतर चाक दबताना जो कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा झुकाव, मिळायला हवा तो मिळेनासा होतो. रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, तर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं, म्हणजे दोघांमधलं अंतर वाढतं, आणि त्या अंतराच्या तरफेनेच गाडी कलत असते. खाली आणलेली गाडी कमी कलावी म्हणून स्प्रिंग कडक करायची, आणि त्यातला काही कडकपणा या वाढलेल्या तरफेने खाऊन टाकायचा! स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचा कोनही बदलतो आणि उंचवट्यावर स्टिअरिंग स्वतःहून हलल्यासारखं वाटू लागतं. लांब बॉल जॉइंट टाकून हे दुरुस्त करता येतं, पण मग 'फक्त चार स्प्रिंगा' ही गोष्ट तिथेच संपते. पंधरा मिलिमीटरच्या आत राहिलं तर बहुतेक गाड्यांत हे सगळं सोसण्याजोगं असतं. डबल विशबोनवाल्यांना (चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्यांना) थोडी जास्त सूट आहे.

प्रोग्रेसिव्ह (दबेल तशी कडक होत जाणारी) की लिनिअर (कडकपणा सारखाच ठेवणारी), यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मी लिनिअरच्या बाजूचा आहे, पण एक गोष्ट समजल्यापासून आवाज जरा खाली ठेवतो. 27 ची स्प्रिंग 300 किलोखाली 109 मिमी दबते, 35 ची 84. म्हणजे कडक स्प्रिंग आधीच 25 मिमी कमी दबणार. त्यात गाडी 25 मिमी खाली हवी, तर मोकळी स्प्रिंग मूळच्यापेक्षा तब्बल 50 मिमी आखूड करावी लागते. जॅक लावून चाक लोंबकळलं की ती बैठकीतून सैल होऊन खडखडू शकते, वेडीवाकडी बसू शकते. ते टाळायला टोकाचे काही वेढे जवळजवळ आणि मऊ ठेवतात. गाडीचं वजन आलं की ते वेढे एकमेकांना चिकटतात आणि हिशेबातून जातात, पुढे काम करते ती उरलेली, जवळपास लिनिअर स्प्रिंग. कित्येक 'प्रोग्रेसिव्ह' स्प्रिंगांचं सगळं प्रोग्रेस असं गाडी उभी राहायच्या आतच उरकलेलं असतं. आणि मूळच्या स्प्रिंगचा एखादा वेढा कापून गाडी लो करण्याबद्दल काय बोलावं! वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण बैठकीत नीट बसणारं तिचं टोकच गेलेलं असतं.

शॉकअप तेच ठेवायचे का? स्प्रिंग तीस टक्के कडक केली आणि शॉकअप तसाच ठेवला तर डॅम्पिंगचं, म्हणजे डुलणं आवरण्याचं, प्रमाण बारा टक्क्यांनी घटतं. नव्या, चांगल्या शॉकअपला ते झेपतं. पण त्याचा पिस्टन आता कायम खालच्या भागात खेळणार, नळकांड्याच्या तळाजवळ. बरंच अंतर चाललेल्या शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंगा चढवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणं. माझे शॉकअप म्हातारे झालेत, त्यामुळे माझ्यापुरता निर्णय झाला: स्प्रिंगांबरोबर आखूड दांड्याचे, त्या कडकपणाला जुळणारे शॉकअप. खर्च दुपटीच्या वर जातो. स्वस्त औषध म्हणून सुरुवात केली होती खरी.

बसवण्याचं काम मी स्वतः करणार नाही. दाबून धरलेल्या स्प्रिंगमधली ताकद जबडा फोडू शकते, आणि खात्रीचा स्प्रिंग कॉम्प्रेसर माझ्याकडे नाही. पण उभा राहून एक गोष्ट मात्र करून घेणार आहे. लोअर आर्मचे रबरी बुश आतल्या-बाहेरच्या धातूच्या नळ्यांना घट्ट चिकटलेले असतात, ते फिरत नाहीत, पिळले जातात. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली उतरल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो, गाडीला थोडं वर उचलून धरतो आणि लवकर फाटतो. 'स्प्रिंगा महिनाभराने सेट होतात' असं जे म्हणतात, त्यातला बराच भाग या बुशांचा असतो. चांगली स्प्रिंग कारखान्यातच पूर्ण दाबून सेट केलेली असते. तेव्हा सगळे बोल्ट आधी ढिले, गाडी चाकांवर, थोडी वर-खाली हलवून घ्यायची, आणि मग आवळायचे. त्यानंतर अलाइनमेंट, त्यातही आधी टो (वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलीत ते), कारण टायरची आतली कड खाण्यात कॅम्बरपेक्षा त्याचा हात मोठा. मग हेडलाइटची पातळी. उंची आधी आणि नंतर मोजायची ती हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजली तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते.

एका मित्राला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "अरे, मग घेतोस कशाला?"

"दिसायला," म्हटलं.

"पंधरा मिलिमीटर कुणाला दिसणार?"

"मला."

तर पुढे 15 आणि मागे 10 मिमी, याच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. मागे कमी, कारण सामान आणि माणसं भरली की मागची बाजू तशीही बसते. कडकपणा पुढे-मागे साधारण सारख्याच टक्क्यांनी, वीसच्या आसपास. यादीतल्या प्रत्येक स्प्रिंगवाल्याला तेच प्रश्न पाठवले: पुढची-मागची स्प्रिंग किती न्यूटनची, मोकळी लांबी किती, सगळे वेढे चिकटल्यावर लांबी किती, आणि बम्प स्टॉप बरोबर देता की नाही, दिलात तर किती उंचीचा. काहींनी उत्तरादाखल खाली बसलेल्या गाड्यांचे सुंदर फोटो पाठवले. ती नावं खोडली. आकडे देणारे दोघं उरलेत, आणि दोघांमध्ये फरक आहे तो मागच्या स्प्रिंगमध्ये तीन न्यूटनचा. पहिल्याच्या स्प्रिंगने मागचा हर्ट्झ पुढच्याच्या वर राहतो, दुसऱ्याच्या स्प्रिंगने बरोबरीला येतो. पहिल्याची मागची स्प्रिंग जरा कडक, तरी मी त्याच्याकडे झुकतोय. फक्त त्याचा बम्प स्टॉप मूळच्याहून किती आखूड आहे, ते अजून त्याने कळवलेलं नाही.